शिडी नीट धरा

डोक्यावर टोपी असेल तर आधी काढून हातात घ्या. इथे सगळेच काढतात; न काढणारा परका म्हणून लगेच ओळखू येतो. तुम्ही विल्नोमध्ये आहात. आज या शहराला विल्निअस म्हणतात आणि ते लिथुआनियाची राजधानी आहे, पण तुम्ही उतरलात ते १९३५ साली. एप्रिलची २६ तारीख, शुक्रवार. शहर पोलंडचं आहे आणि रस्त्यावर पोलिश, यिद्दिश, लिथुआनियन, बेलारूशियन अशा चार भाषा कानावर पडतायत. त्यातली एकही तुम्हाला येत नाही. काही बिघडत नाही, प्रार्थनेच्या जागी गप्प उभं राहणाऱ्याला कोणी हटकत नाही.

समोरची कमान म्हणजे ओस्त्रा ब्रामा. शहराच्या जुन्या तटबंदीचा हा दरवाजा. त्याच्या वरच्या मजल्यावर छोटं प्रार्थनामंदिर आहे आणि त्यात पत्र्याने मढवलेली मरियामाता. खालचा रस्ता रहदारीचाच, तरी लोक दगडी फरसबंदीवर गुडघे टेकतात आणि बाकीचे त्यांना वळसा घालून जातात. आज गर्दी जरा जास्त आहे. ख्रिस्ताच्या मरणाला एकोणीसशे वर्षं झाली म्हणून पाळलेलं पुण्यवर्ष इथे संपतंय, त्याची ही तीन दिवसांची सांगता आहे.

वर बघा, देवळाच्या बाजूच्या खिडकीत. तिथे एक नवं चित्र लावलंय. पांढऱ्या झग्यातला येशू, एक हात आशीर्वादाला उचललेला, दुसरा छातीशी, आणि छातीतून दोन किरण निघालेले, एक तांबडा, एक फिकट. तांबडा रक्ताचा आणि फिकट पाण्याचा. क्रुसावर भाल्याने कूस भोसकली तेव्हा निघाले ते. फादर मिखाव सोपोच्को देवाच्या दयेवर प्रवचन देतायत. चित्र कोणाच्या सांगण्यावरून काढलं, हे ते बोलत नाहीत.

ज्यांनी सांगितलं त्या बाई तुमच्यापासून फार लांब नाहीत. काळ्या झग्यातली, तिशीला टेकलेली एक सिस्टर. सिस्टर फाऊस्तिना. आजूबाजूच्या कोणालाच त्यांच्याविषयी काही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तोंड उघडू नका. या बाईंच्या हातात साडेतीन वर्षंसुद्धा उरलेली नाहीत.

आता सप्टेंबरात या. शहराबाहेरच्या अंताकोल भागातलं कॉन्व्हेंट. वाट चुकलेल्या किंवा वाऱ्यावर सोडलेल्या मुलींना सांभाळणारा हा संघ आहे. सिस्टरांत दोन थर आहेत: शिकलेल्या सिस्टर मुलींवर देखरेख करतात, न शिकलेल्या स्वयंपाक, बाग, दार बघतात. फाऊस्तिना दुसऱ्या थरातल्या. मूळ नाव हेलेना कोवाल्स्का, ग्वोगोव्हिएत्स गावच्या, दहा भावंडांतल्या तिसऱ्या. शाळा जेमतेम तीन वर्षं, ती संपल्यावर लोकांच्या घरी कामाला. इथे त्यांच्याकडे बाग आहे. कुंपणापाशी उभे राहिलात तर त्या भाजीच्या वाफ्यात वाकलेल्या दिसतील. तब्येत आधीच खालावलेली आहे. क्षय आहे, पण अजून कोणी त्याला नाव दिलेलं नाही.

रात्री त्या वहीत लिहितात. सोपोच्को त्यांचे पापनिवेदनाचे फादर. जे दिसतं, ऐकू येतं ते लिहून ठेवा असं त्यांनीच सांगितलं. मागच्या वर्षी फादर पवित्र भूमीच्या यात्रेला गेले असताना सिस्टरांनी आधीचं सगळं लिखाण जाळून टाकलं. परत आल्यावर फादरांनी पुन्हा लिहायला बसवलं. त्यामुळे आज जी रोजनिशी छापून मिळते तिच्यात मागचं पुढे आणि पुढचं मागे झालेलं आहे. वाचणाऱ्याची दमछाक होते ती म्हणूनच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी आपल्या खोलीत त्यांना पृथ्वीला शासन करायला निघालेला देवदूत दिसला, त्या गयावया करू लागल्या आणि मनात प्रार्थनेचे शब्द उमटले, असं वहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाऊल टाकताना ती कशी म्हणायची तेही कळलं. तुमचा यावर विश्वास बसेल किंवा बसणार नाही, तो तुमचा प्रश्न. माझं लक्ष मात्र त्या रचनेकडे जातं. नवी माळ नको. घरोघरी असते तीच पाच दशकांची जपमाळ घ्यायची. सुरुवातीला ‘हे आमच्या बापा’, ‘नमो मरिया’ आणि विश्वासांगीकार. मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं शरीर-रक्त पित्याला अर्पण करण्याची एक प्रार्थना. लहान दहा मण्यांवर एकच छोटी विनवणी, त्याच्या दुःखसहनाखातर आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर अशा अर्थाची. असं पाच वेळा. शेवटी पवित्र देवाला तीनदा हाक, की संपलं. एकाने अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. सात-आठ मिनिटांचं काम. निरक्षर म्हातारी दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणेल, इतकं सोपं.

कामातून दहा मिनिटंच मोकळीक मिळणाऱ्या बाईने केलेली प्रार्थना अशीच असणार, हे माझं मत. धर्मपंडिताने केली असती तर तिला प्रस्तावना असती.

चित्राची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. १९३१च्या फेब्रुवारीत, प्वोत्स्क गावच्या कॉन्व्हेंटात, फाऊस्तिनांना ते पहिल्यांदा दिसलं. ते काढून घे, अशी आज्ञा झाली. पण ब्रश कसा धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी सोपोच्कोंनी त्यांची गाठ एउगेनिउश काझिमिरोव्स्की या चित्रकाराशी घालून दिली. जानेवारी ते जून १९३४ सिस्टर त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन सांगत राहिल्या, हात असा नको, नजर आणखी खाली. चित्र पुरं झालं आणि त्या रडल्या. जे पाहिलं ते याहून कितीतरी सुंदर होतं. काझिमिरोव्स्कींना काय वाटलं असेल कोण जाणे. गिऱ्हाईक रडलं तर चित्रकाराने काय करावं?

चला, वाटेत थांबायचं नाही. १९३७ला क्राकूवमध्ये त्सेबुल्स्की नावाच्या प्रकाशकाने छोटी चित्रं आणि पातळ पुस्तिका छापल्या, त्यात ही माळ होती. ५ ऑक्टोबर १९३८ला फाऊस्तिना क्राकूवजवळच्या वागिएव्निकी कॉन्व्हेंटात वारल्या. वय ३३. वर्षभरात युद्ध.

१९४३ची हिवाळ्याकडे झुकलेली सकाळ. वागिएव्निकीच्या कुंपणाशी उभे राहा, पण रेंगाळू नका, जर्मन गस्त आहे. कॉन्व्हेंटच्या देवळात आता वेगळंच चित्र आहे. आदोल्फ हिवा नावाच्या चित्रकाराने, युद्धात आपलं कुटुंब वाचलं म्हणून, नवसाचं दिलेलं. ते जागेत नीट बसेना, म्हणून पुढे त्यांनी पुन्हा एक काढलं आणि आज जगभर घराघरांत जी तसबीर दिसते ती बहुतेक वेळा याच दुसऱ्या चित्राची नक्कल असते. फादर युझेफ आंद्राश इथे दर महिन्याला प्रार्थना घेतायत. क्राकूवहून बायका चालत येतात. कोणाचा नवरा कैदेत, कोणाचा मुलगा जर्मनीत वेठबिगारीवर.

त्या वाटेने एक पोरगेला कामगार जातोय, पायात लाकडी तळव्यांचे बूट. सोल्व्हाय कंपनीच्या कारखान्यात पाळी करणारा. कधी आत डोकावतो, गुडघे टेकतो, निघून जातो. हाच कारोल वोयतिवा. पुढे पोप झाल्यावर, २००२ साली इथेच नव्या बॅसिलिकेच्या अभिषेकाला येऊन ते म्हणाले, लाकडी बुटांतला तो माणूस एक दिवस इथे हे करेल असं कोणाला वाटलं असतं. आत्ता त्याच्याशी बोलायला जाऊ नका. कामावर उशीर झाला तर त्याचे हाल होतील.

आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवतो. या कुंपणापासून थोड्याच अंतरावर प्वाशूवची छळछावणी आहे. तिकडे विल्नोजवळच्या पोनारीच्या जंगलात शहरातले ज्यू हजारोंनी गोळ्या घालून पुरले जातायत. ज्या रस्त्यावर १९३५ला तुम्ही यिद्दिश ऐकली तिथे ती आता जवळपास ऐकू येणार नाही. ‘सगळ्या जगावर दया कर’ म्हणणाऱ्यांच्या कानावर हे येत नव्हतं असं मानता येत नाही. सोपोच्को स्वतः ज्यूंना मदत करत होते आणि अटकेचा वास लागताच विल्नोजवळच्या चार्नी बूर इथे खोट्या नावाने सुतारकाम करत दोन-अडीच वर्षं लपून राहिले. पण सगळेच सोपोच्को नव्हते. ही प्रार्थना आणि ती छावणी एकाच दुपारी, हाकेच्या अंतरावर होती. त्यातून काही गोड निष्कर्ष काढण्याची मला घाई नाही.

माळ मात्र तोवर कुठच्या कुठे पोचली. युझेफ याझेंबोव्स्की या मारियन संघाच्या फादरांनी १९४१ला सोपोच्कोंचं टिपण सोबत घेतलं, सैबेरियातून रेल्वेने व्लादिवोस्तोक, तिथून जपान, तिथून अमेरिका. सुटलो तर या भक्तीचा प्रसार करीन असं वचन त्यांनी दिलं होतं आणि ते पाळलं. त्याच सुमाराला पोलंडच्या पूर्व भागातली लाखो माणसं रशियनांनी सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली होती. त्यांतल्या सुमारे पाच हजार बायका-मुलांना इराणमार्गे शेवटी आसरा मिळाला तो आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ पंचगंगेच्या काठी पोलिश भाषेत प्रार्थना होत होत्या. वेळ असता तर तुम्हाला तिथेही उतरवलं असतं, पण शिडीचं काम बाकी आहे.

तर, काझिमिरोव्स्कींचं मूळ चित्र. ते विल्नोच्या संत मिखाएल चर्चमध्ये लावलं होतं. युद्ध संपलं, शहर सोव्हिएत झालं आणि १९४८ला चर्चला कुलूप पडलं. चित्र आतच. १९५१ला दोन बायकांनी, एक पोलिश आणि एक लिथुआनियन, तिथल्या माणसाला पैसे देऊन ते बाहेर काढलं आणि माळ्यावर लपवलं. पुढे ते पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये आलं. तिथून १९५६ला फादर युझेफ ग्रासेविच, सोपोच्कोंचे स्नेही, ते बेलारूसमधल्या आपल्या नोव्हा रुदा या खेड्यात घेऊन गेले. हे मूळ चित्र आहे याचा गवगवा नाही. गावाच्या दृष्टीने एक येशूचं चित्र, बस्स.

इकडे रोममध्ये वेगळंच चाललंय. ६ मार्च १९५९ची सूचना निघते: सिस्टर फाऊस्तिनांनी सांगितलेल्या रूपात या भक्तीची चित्रं आणि लिखाण पसरवू नये. एक कारण, रोजनिशीची चुकीची भाषांतरं आणि पोलादी पडद्याआडून मूळ वह्या तपासायची सोय नाही. सोपोच्कोंना समज दिली जाते. देशोदेशी चित्रं उतरवली जातात. क्राकूवचा कारभार पाहणारे आर्चबिशप एउगेनिउश बाझिआक मात्र वागिएव्निकीतलं चित्र जागेवर राहू देतात. म्हणजे पाहा, विल्नोत सरकारने चर्चच बंद केलं आणि उरलेलं रोमने. दोन्हीकडून कात्री.

पण बंदी घालणार कशावर? चित्र उतरवता येतं, पुस्तिका गोळा करता येतात. माळ उचलून नेणार तर मरियेचीच माळ न्यावी लागेल, आणि बाईच्या ओठांवर आत्ता कोणती विनवणी आहे हे बाहेरून कळत नाही. लोकांनी नेमकं तेच केलं. अशी १९ वर्षं गेली.

आता नोव्हा रुदा, सत्तरच्या दशकातला कुठलाही रविवार. १९७०ला सरकारने हेही चर्च बंद केलं. आतलं सामान दुसरीकडे नेलं. चित्र तेवढं राहिलं, कारण ते फार उंच टांगलेलं होतं आणि तेवढी लांब शिडी मिळाली नाही, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. एका महासत्तेला शिडी मिळू नये!

आत या. फादर नाहीत, घंटा नाही. गावातली माणसं तरीही जमतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या चार-पाच म्हाताऱ्या पुढे, मागे दोन पुरुष, दाराशी एक मुलगी, बाहेर कोणी येतंय का बघायला. एक बाई अर्धी ओळ म्हणते, बाकीच्या उरलेली. तिचा आवाज बसका आहे, मध्येच खोकला येतो, मग शेजारीण न सांगता पुढची ओळ उचलते आणि जप तुटत नाही. तुमच्या हातात माळ नसेल तर बोटांवर मोजा, दहा बोटं पुरतात. इथे सभासद नोंदवही नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. धर्मग्रामातला प्रार्थनागट म्हणजे मुळात काय, ते या थंडगार खोलीत जितकं कळतं तितकं कुठे कळणार नाही: फादर येवोत न येवोत, ठरल्या वेळी येणारी पाच-सात माणसं.

सोपोच्को १९७५च्या फेब्रुवारीत बियावस्तोकला वारले. बंदी तशीच होती. वोयतिवा तोवर क्राकूवचे कार्डिनल. त्यांनी १९६५लाच फाऊस्तिनांच्या संतपदासाठीच्या चौकशीचं काम सुरू करवलं होतं. मूळ वह्या तपासल्या गेल्या आणि १५ एप्रिल १९७८च्या आदेशाने बंदी उठली. सहा महिन्यांनी वोयतिवाच पोप झाले. योगायोग की काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

१९८६. रात्र आहे, थंडी आहे, पुन्हा नोव्हा रुदा. ग्रासेविचांची फार दिवसांची इच्छा, चित्र विल्नोला परत जावं. तिथे पवित्र आत्म्याचं चर्च सुरू आहे. पण गावाला सांगायची सोय नाही, कारण गाव सोडणार नाही. म्हणून हुबेहूब नक्कल तयार करून आणलीय. या वेळी शिडी आहे. तुम्ही खाली उभे राहा आणि ती दोन्ही हातांनी धरा, फरशी गुळगुळीत आहे. वरून कॅनव्हास उतरतो. इतकी वर्षं दमट भिंतीवर राहून त्याची रया गेलेली आहे. पुढे कोणीतरी हौसेने डागडुजीही केली, ती २००३ला जाणकारांना काळजीपूर्वक खरवडून काढावी लागली. आत्ता अंधारात तुम्हाला फक्त चेहऱ्याचा फिकट भाग दिसतो. नक्कल वर जाते. उजाडेल तेव्हा भिंत काल होती तशीच दिसेल.

ही चोरी आहे का? आहेच म्हणा. ज्यांनी सोळा वर्षं कुलूप पडलेलं चर्च आपल्या जपाने जागतं ठेवलं, त्यांच्याच नकळत त्यांचं चित्र नेलं. दयेच्या चित्राचा हा प्रवास काही फार दयाळू हातांनी झालेला नाही.

रोम पटकन पाहून घेऊ. ३० एप्रिल २०००, ईस्टरनंतरचा रविवार. संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे फाऊस्तिनांना संत घोषित करतात आणि हा रविवार जगभरच्या चर्चसाठी दैवी दयेचा रविवार ठरवतात. पाच वर्षांनी, २ एप्रिल २००५च्या शनिवारी रात्री, त्याच रविवारच्या पूर्वसंध्येला ते जातात. आणि त्याच सप्टेंबरात विल्निअसमध्ये भांडण. आर्चबिशपांनी मूळ चित्र पवित्र आत्म्याच्या पोलिश भाषक धर्मग्रामातून काढून नव्या दैवी दया देवळात हलवलं. जुन्या धर्मग्रामातल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही आणि त्या गप्प बसल्या नाहीत. चित्र आता तिथेच आहे, देऊळ रात्रंदिवस उघडं असतं.

परत यायची वेळ झाली. वसई, आजचा शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. तीन वाजता येशूने प्राण सोडला म्हणून हा दयेचा तास. रोजनिशीत म्हटलंय की देवळात जाता येत नसेल तर असाल तिथे क्षणभर थांबा. त्यामुळे इथल्या प्रार्थनागटातली नोकरीवाली पोरं विरार लोकलमध्ये, नर्सिंगच्या पाळीत, दुकानाच्या गल्ल्यावर माळ ओढतात. घरी उरतात निवृत्त मास्तर, दोन आजी, एक नुकतीच बाळंत झालेली सून आणि मावशी, जिच्याकडे वही आणि पाळीपत्रक दोन्ही असतं. तसबिरीला बल्बची माळ, पंखा घरघरतोय, माळ मराठीत चाललीय. चौथ्या दशकाला कुकरची शिट्टी होते आणि सून उठते. मास्तर तिची ओळ उचलतात.

संपल्यावर मावशी चष्मा पुसून तुमच्याकडे बघते. तुम्ही आत्ताच शिडी धरून आलात हे तिला कळायचं कारण नाही. ती वही उघडते. “नवीन का तुम्ही? बरं झालं. पुढच्या शुक्रवारचं घर रिकामंच आहे, तुमचं लिहिते. खाणंबिणं काही करायचं नाही हां, सरबत चालेल. आणि पत्ता नीट सांगा, तुमच्या गल्लीत रिक्षा येते ना?”